बदललेल्या वागणुकीची नोंद कोण करणार?

२०१८ साली पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस बनवणाऱ्यांना जबर धक्का बसला. डेटा डिस्कवर पोचला याची खात्री हवी असली, की प्रोग्रॅम एफसिंक हा सिस्टिम कॉल करतो. तो फसला तर पुन्हा करायचा आणि दुसऱ्यांदा यश आलं की डेटा पोचला समजायचं, असं ही मंडळी वर्षानुवर्षं धरून चालली होती. लिनक्समध्ये तसं नव्हतं. डिस्कवर लिहिताना चूक झाली, तरी कर्नल मेमरीतल्या त्या पानांवर ‘लिहून झालं’ अशी खूण करून टाकायचा. दुसऱ्या कॉलला लिहायला काही उरतच नसे, म्हणून तो बिनबोभाट यशस्वी व्हायचा. डेटाबेस निर्धास्त आणि डेटा गायब!

कर्नलच्या या वागण्याला कारण होतं. कुणी मधेच उपटून नेलेल्या पेनड्राइव्हची पानं मेमरीत किती दिवस सांभाळायची? कारण रास्तच आहे. मग ते मॅन पेजवर, म्हणजे त्या कॉलच्या माहितीच्या पानावर, का नव्हतं? कॉल फसला तर कोणता एरर कोड मिळेल हे तिथे होतं, त्यानंतर आपल्या डेटाचं काय होतं हे नव्हतं. शेवटी पोस्टग्रेसने धोरण बदललं. एफसिंक फसला की सर्व्हर मुद्दाम बंद पाडायचा आणि लॉगमधून डेटा पुन्हा उभा करायचा, असं ठरलं. जी गोष्ट दोन वाक्यांत सांगता आली असती, ती जगाला डेटा गमावून कळली.

माझी मागणी सरळ आहे. कर्नलची वागणूक जो बदलेल, त्यानेच, त्याच पॅचमध्ये, डॉक्युमेंटेशनही बदलावं. बदललं नसेल तर मेंटेनरने पॅच परत पाठवावा. ‘मागाहून कुणीतरी लिहील’ ही सबब ऐकूनच घेऊ नये. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात. मागाहून लिहिणाऱ्याने यातलं काय काय शोधायचं?

नियम नाहीत असं नाही. पॅच पाठवणाऱ्यांसाठी कर्नलमध्येच एक यादी आहे. नवी प्रॉक फाइल आणलीत तर नोंद करा, नवा बूट पॅरामीटर आणलात तर नोंद करा, यूजरस्पेससाठी नवा इंटरफेस दिलात तर एबीआयच्या फोल्डरमध्ये नोंद करा. नव्याची काळजी व्यवस्थित घेतली आहे. पण जुन्याच गोष्टीचा अर्थ बदलला तर काय करायचं, हे ही यादी तितक्या ठामपणे सांगत नाही. आणि घात होतो तो तिथेच. नव्या गोष्टीची माहिती नसेल तर माणूस कोड उघडून बघतो. जुन्या गोष्टीची चुकीची माहिती असेल तर तो विश्वास ठेवतो आणि पुढे जातो.

यंत्र हे काम करेल, या भ्रमातही राहू नये. कर्नलमध्ये फंक्शनच्या डोक्यावर ठरावीक पद्धतीची टिप्पणी लिहितात, तिला कर्नल-डॉक म्हणतात. पॅरामीटरचं नाव बदललं आणि टिप्पणीत जुनंच राहिलं, तर बिल्डच्या वेळी इशारा मिळू शकतो. सोय उत्तम आहे. आता समजा, एका फंक्शनला ‘टाइमआउट’ नावाचा पॅरामीटर आहे. काल तो जिफीमध्ये, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांत, मोजत होते, आज मिलिसेकंदांत मोजू लागले. नाव तेच, टिप्पणी तीच, इशारा शून्य. ज्या मशीनवर एक जिफी चार मिलिसेकंदांची आहे, तिथे १०० पाठवणारा ड्रायव्हर काल ४०० मिलिसेकंद थांबत होता, आज १०० थांबतो. नावं जुळतात की नाही हे यंत्र बघतं. अर्थ जुळतो की नाही हे बदल करणाऱ्यालाच ठाऊक असतं.

नीट केलेलं कामही दाखवतो. स्वॉपिनेस ही कर्नलची सेटिंग शंभरपर्यंतच चालायची. २०२० साली ५.८ आवृत्तीत ती २०० पर्यंत नेली, कारण झेडरॅम किंवा वेगवान एसएसडीवरचा स्वॉप कधी कधी फाइल सिस्टिमपेक्षाही चपळ असतो. त्याच पॅचमध्ये डॉक्युमेंटेशनचा परिच्छेद नव्याने लिहिला गेला. हा आकडा म्हणजे स्वॉप आणि फाइल यांच्या वाचन-लेखनाच्या खर्चाची तुलना आहे, हे तिथे स्पष्ट सांगितलं आहे. शिवाय हिशेब दिला आहे, की स्वॉप दुप्पट वेगवान असेल तर १३३ ठेवा. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हवं ते सगळं एका परिच्छेदात आलं. लिहायला कितीसा वेळ लागला असेल? लिहिणाऱ्याला विषय माहीत होता, बस्स.

इथेच आपली एक वाईट सवय आडवी येते. डॉक्युमेंटेशन म्हणजे नवख्यांचं काम, असं आपण ठरवून टाकलं आहे. नवखा माणूस स्पेलिंग सुधारेल, तुटलेली लिंक जोडेल. ते स्वागतार्हच आहे. पण लॉक कोणत्या क्रमाने घ्यायचे, मेमरी कोण सोडणार, फंक्शन झोपू शकतं की नाही, हे तो कुठून सांगणार? ज्याला समजतं तो लिहीत नाही आणि जो लिहायला तयार आहे त्याला समजत नाही, अशी ही वाटणी आहे. ती मोडलीच पाहिजे.

पैशांचंही बोलू. सिस्टिम कॉलची मॅन पेजेस सांभाळणारे अलेखांद्रो कोलोमार यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की चार वर्षं हे काम आपण फुकट केलं, आता परवडत नाही, थांबतो. जगभरचे सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन ज्या कर्नलवर चालतात, त्याची ही माहितीपुस्तिका! नंतर कंपन्या पुढे आल्या हे खरं. पण माणसाने हात टेकेपर्यंत थांबायचं कारण काय होतं?

पुण्या-बंगळुरूत ड्रायव्हर लिहायला शिकणारी आपली मुलं आजही ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची तिसरी आवृत्ती उघडतात. पुस्तक उत्तमच आहे, पण ते २००५ चं आणि २.६.१० या कर्नलवरचं. त्यातलं टायमरचं उदाहरण आज कंपाइलसुद्धा होत नाही, कारण टायमर तयार करायची ती पद्धत २०१८ च्या ४.१५ पर्यंत काढून टाकली गेली. कर्नलच्या आतले इंटरफेस बदलत राहणार, हे कर्नलवाल्यांचं जाहीर धोरण आहे. धोरण मान्य. मात्र असं धोरण असलेल्या प्रकल्पात छापील पुस्तक कधीच पुरणार नाही. कोडशेजारी ठेवलेलं, कोडबरोबर बदलणारं डॉक्युमेंटेशन हाच मुलांना एकमेव आधार आहे.

म्हणून दोन कामं लगेच करता येतील. पॅच पाठवणाऱ्यांसाठीच्या त्या यादीत एक ओळ घाला: अस्तित्वात असलेल्या गोष्टीची वागणूक बदलली, तर तिची नोंदही त्याच पॅचमध्ये बदला. आणि ज्या कंपन्या इंजिनिअरचं काम पॅचवर मोजतात, त्यांनी डॉक्युमेंटेशनचा पॅचही त्याच मापाने मोजावा, बढतीच्या वेळीसुद्धा. पहिल्या कामाला मेंटेनरचा ठामपणा लागेल, दुसऱ्याला मॅनेजरची एक सही.