टॅग हाय का?

विमानात एकदा बॅग गमावलेला माणूस तुमच्याही गावात असेलच. आमच्या जळकोटात तो मान अप्पांचा. निवृत्त गुरुजी, पोरगा दुबईला. त्याच्याकडं जायला अप्पा हैदराबादहून उडाले आणि दुबईत उतरले. बॅग उतरली नाही. ती चौथ्या दिवशी आली, एक चाक मोडून. तेव्हापासून अप्पांना दुसरा विषय नाही.

उदगीरच्या एसटीत कुणी चढताना दिसलं की प्रश्न ठरलेला, "टॅग हाय का?" पिशवीत दोन किलो वांगी का असेनात! एका लग्नात त्यांनी रुखवताच्या डब्या-डब्याला नाव-नंबराची चिठ्ठी लावली. लाडवांच्या डब्यावर नवरीच्या मामाचा मोबाईल नंबर पडला आणि लाडू कडक झाल्याची तक्रार आठवडाभर मामांकडं येत राहिली. अस्थी घेऊन नांदेडला गोदावरीवर निघालेल्या माणसाच्या गाठोड्याकडंही अप्पा बघत राहिले. विचारलं मात्र नाही. तेवढा पोच आहे.

स्वतःचा टॅग ते पाकिटात तुळजाभवानीच्या फोटोशेजारी ठेवत. छपाई उडून जाईल म्हणून उदगीरला नेऊन लॅमिनेट केला. तो कागद उष्णतेनं छापला जाणारा. मशिनमधून निघाला तो काळाकुट्ट होऊन. आता ती काळी पट्टी दाखवून अप्पा दहा आकडे तोंडपाठ म्हणतात.

सोयाबीनचा भाव विचारा, अप्पा एसडीआरचा सांगतात. "देशातल्या देशात बॅग गेली तर जास्तीत जास्त २०,००० रुपये भरपाई. परदेशी १,५१९ एसडीआर. आधी १,२८८ होते, २०२४च्या डिसेंबरात वाढवलेत बगा." एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं माप, हे आमच्या चहावाल्यालाही पाठ झालंय. उधारी मात्र तो रुपयांतच मागतो.

अप्पांचा दुसरा राग सुक्या खोबऱ्यावर. तेलामुळं पेट घेऊ शकतं म्हणून ते सामानाच्या बॅगेत चालत नाही. काकूंनी घातलेल्या वाट्या हैदराबादलाच काढाव्या लागल्या. येसर आणि तुरीची डाळ पोचली. धपाट्यांना मात्र बुरशी आली होती. हे अप्पा कुणाला सांगत नाहीत, मला काकूंनी सांगितलं. "लई चांगले झालते," असं पोरगा फोनवर दोनदा म्हणाला, तेव्हाच काकूंना कळलं.

मध्यंतरी तालुक्यातला एक पोरगा मजुरीला कतारला गेला. त्याची बॅग आलीच नाही. रात्री दीडला त्यानं फोन लावला तो घरी नाही, अप्पांना. "पट्ट्यापासनं लांब जाऊ नको. काऊंटरवर पीआयआर, म्हंजे बॅग न आल्याचा अर्ज, भर. कागद हातात पडल्याबिगर बाहेर पाऊल टाकायचं नाही. टॅग हाय का?" टॅग होता. एकवीस दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरतात. तोवर अप्पा रोज सकाळी पूजेआधी नंबर टाकून बघत. मग इंग्रजी अर्ज अप्पांनीच लिहिला, खाली पोराचं नाव घातलं. पैसे आले. आम्ही इतकी वर्षं हसलो, पण त्या पोराला उपयोगी पडेल असं आमच्यातल्या एकालाही काही येत नव्हतं.

अप्पांना स्वतःच्या मोडक्या चाकाचा रुपयाही मिळाला नाही. बॅग हातात आल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. अप्पांनी ती आठव्या दिवशी केली.