सीमाभागात बंगला घेऊ इच्छिणाऱ्यांस

बेळगावात चांगल्या वस्तीत घर घ्यायचे ठरवलेत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. आता पहिला नियम ऐका: महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न सुटेपर्यंत थांबू नका. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, 1967 साली महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. या प्रत्येक टप्प्यावर "एकदा निकाल लागू दे, मग बघू" म्हणणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक गल्लीत निघाला. भाग्यनगरातली जी जागा त्याने तेव्हा घेतली नाही, तिच्यासमोरून तो आता रोज सकाळी फिरायला जातो. निकाल काहीही लागो, जागेचा दर दोन्ही राज्यांत वरच चढतो.

वस्ती कोणती निवडावी, हा प्रश्न रेल्वेला विचारावा. टिळकवाडीत गेटे आहेत. पहिले, दुसरे, तिसरे. तिसऱ्यावर उड्डाणपूल झाल्यापासून त्या बाजूच्या लोकांची फार गैरसोय झाली आहे, कारण "गेट पडलं होतं" हे उशिराचे सर्वमान्य कारण त्यांच्या हातून गेले. ज्यांना लग्नमुंजीत आणि ऑफिसात सन्मानाने उशिरा पोहोचायचे असेल, त्यांनी पहिल्या किंवा दुसऱ्या गेटाचा विचार करावा. हिंदवाडी, सदाशिवनगर, हनुमाननगर, रामतीर्थनगर ही नावेही पाहुण्यांपुढे टाकण्याजोगी आहेत. कॅम्पातले कौलारू बंगले मात्र फक्त बघावेत. तिथली जमीन बहुतेक लष्कराची, आपण पावसाळ्यात तिकडून गाडी हळू चालवावी, "काय वास्तू आहे!" म्हणावे आणि परत यावे.

एजंट गाडीत घालून जागा दाखवायला नेईल. त्याच्या तोंडी सगळे दहा मिनिटांवर असते: सांबऱ्याचे विमानतळ, मच्छ्याचे तंत्रज्ञान विद्यापीठ, नेहरूनगरातले केएलई हॉस्पिटल आणि हलग्याजवळचे सुवर्णसौध. ही चार ठिकाणे चार दिशांना असल्यामुळे, चारहींपासून दहा मिनिटांवरचा प्लॉट हिशेबाने किल्ल्याच्या खंदकात पडतो. तरी मान हलवावी. विशेषतः सुवर्णसौधाचे नाव आले की. 2012 साली ते उभे राहिले. तिथे कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, त्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती निषेधाच्या महामेळाव्याची हाक देते. मेळाव्याला जायच्या गडबडीत "सौध झाल्यापासून आमच्या जागेला भाव आला हां" असे सांगणारे प्लॉटमालक आपल्यातच भेटतील. त्यांच्यात विसंगती शोधू नये. निषेध मनाचा असतो, भाव जमिनीचा.

आता कागदपत्रे. इथे घाई नको, कारण खरी मौज इथेच आहे. आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी तुम्ही अशा कागदांवर करणार आहात, जे तुमच्या पिढीतल्या बहुतेकांना वाचता येत नाहीत. उतारा कन्नड, बिनशेतीचा आदेश कन्नड, बुडाची (म्हणजे नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी कन्नड, खाते कन्नड. अशा वेळी मराठी माणसाने चष्मा पुसावा, कागद उजेडाकडे धरावा, दोनदा "हं" म्हणावे आणि आकडे वाचावेत. तीस बाय चाळीसची साईट म्हणजे 1200 चौरस फूट, गुंठ्यापेक्षा 111 चौरस फूट जास्त. एवढे जुळले की कागद समजला असे धरतात. ईसी, म्हणजे जागेवरच्या बोजांचा दाखला, मागायला विसरू नका. ती कितीही स्वच्छ निघाली, तरी विकणाऱ्याच्या चुलत्याला तिची कल्पना नसते आणि वास्तुशांतीच्या दिवशी तो आपला हिस्सा मागायला येतो. त्याला आधी जेवायला वाढावे.

"बुडाचं राहू द्या ओ, बाँडवर करून देतो, निम्म्यात पडेल" असे कोणी म्हणाले, तर ती जागा शेतजमीन आहे हे ओळखावे. बाँडवर घर बांधता येते, त्यात राहताही येते. फक्त ते आपले आहे हे कोणाला सांगता येत नाही. रीतसर घ्यायचे तर ई-खाते लागते, मुद्रांक शुल्क लागते, आणि 2025 साली नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्क्यांवर गेले आहे. यावर मराठी घरात जो त्रागा होतो, तोच शेजारच्या कन्नड घरातही होतो. सरकारने दोन्ही भाषिकांना समान लेखल्याचे हे एक ठळक उदाहरण.

पाण्याविषयी थोडक्यात. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे आणि जुलैत इथे कपडे वाळत नाहीत. तरीही नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, हे सून आणण्याआधी विचारायची पद्धत आहे. राकसकोप आणि हिडकल ही दोन नावे पाठ करा. जमिनीखाली संप, गच्चीवर टाकी आणि बोअर, अशी तिहेरी तटबंदी उभारल्याशिवाय वस्तीत कोणी तुम्हाला गंभीरपणे घेणार नाही. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत भरले, तेव्हा पाण्यासाठी विहीर खोदावी लागली होती. ती अजून आहे. स्वराज्य नंतर, पाणी आधी, हे इथे शंभर वर्षे चालत आले आहे.

शेजार निवडता येत नाही, पण बेळगावात तो सहसा बरा लागतो. तुम्ही जुळवाजुळव करून आणलेले कन्नड वाक्य ऐकून पलीकडच्या अक्का म्हणतील, "बसा की ओ, चहा घेऊन जावा." त्यांचे माहेर निपाणीचे निघते. म्हणून नेमप्लेटवर कोणती भाषा वर असावी यावर घरात महिनाभर वाद घालू नये. कुरिअरवाला पत्ता फोनवरच विचारतो.

इतके सगळे जमणारे नसेल, तर निपाणीचा विचार करा. तंबाखूच्या वखारींवर मोठे झालेले गाव आहे, महामार्ग दारात. मुलाला देवचंद कॉलेजात घालाल, तर तो रोज घरून डबा घेऊन महाराष्ट्रात शिकायला जाईल, कारण कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात आहे. एका संसारात केए-23 आणि एमएच-09 अशा दोन गाड्या ठेवण्याची सोय इतरत्र सहजी मिळणार नाही.

खोल्या किती बांधाव्यात? मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला जाणार हे ठरलेलेच असते. तेव्हा खोल्या त्यांच्यासाठी बांधाव्यात आणि त्यांत गाद्या ठेवाव्यात. भाजी गणपत गल्लीतूनच आणावी, गणपतीत जुन्या गल्लीत जाऊन बसावे आणि "आमच्याकडे फार शांत असतं" असे तिथे दोन-तीनदा सांगावे.

टोकन देण्याआधी सगळे कागद कन्नड येणाऱ्या वकिलाकडून ओळीओळीने वाचून घ्या. तो एजंटाने सुचवलेला नको, आणि विकणाऱ्याचा मेहुणा तर मुळीच नको.