हस्ताचं पाणी

शरदात आभाळ निरभ्र होतं, असं पुस्तकांतून वाचत आलो. सोलापुरात खरा पाऊस येतो तो मात्र याच सुमारास. जून-जुलैचे ढग आमच्या डोक्यावरून, थांबा नसलेल्या स्टेशनातून गाडी जावी तसे निघून जातात. सप्टेंबर हा इथला सर्वांत ओला महिना. हस्त लागेपर्यंत आमच्या टीचभर परसाला कंठ फुटलेला असतो. दोडक्याचा वेल तारेवरून शेजारच्या गच्चीत उतरतो आणि दोडके नेमके तिकडेच धरतो. काकू त्यातले निम्मे प्रामाणिकपणे परत करतात. कोवळे कोणते, हे त्यांना आमच्यापेक्षा बरं कळतं. सीताफळाचे डोळे उघडू लागतात, फटी पिवळसर होतात, आणि ही बातमी पहिल्यांदा खारीला लागते.

पण परसाचं खरं माणूस म्हणजे डाळिंब. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवळच केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. मळ्यात त्याचा बहार धरतात, आंबे, मृग किंवा हस्त. आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं गळाली की छाटणी, खत, आणि मग पाणी. मरणाच्या दारातून परतल्यासारखं झाड फुलतं. हस्त बहारात पंचाईत अशी, की झाड तहानलेलं ठेवायचं आणि पाऊस नेमका तेव्हाच कोसळायचा. आमच्या झाडाला असा मुद्दाम ताण कुणी दिलेला नाही. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, त्यामुळे ताण घरातल्या सगळ्यांनाच सारखा असतो. झाड आपलं मनाला येईल तेव्हा फुलतं. एका फांदीवर लालभडक फूल, दुसरीवर एकदम पाणी मिळाल्यानं तडकलेलं फळ, आणि त्यात मान घालून बसलेला बुलबुल. मळेवाल्याला हा बेशिस्तीचा कारभार बघवणार नाही.

नळाच्या दिवशी साठवणीचं पाणी शिळं ठरतं. आदल्या रात्रीपर्यंत ज्याचा तांब्या न् तांब्या मोजला, तेच नळ खळखळताच टाकाऊ होतं, आणि आई बादली घेऊन परसात जाते. परवा हस्त धो धो कोसळत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली, अशी ती डाळिंबाच्या तुडुंब आळ्यात पाणी ओतत होती.

“अगं आई, पाऊस पडतोय!”

“पडू दे की. त्याचा काय नेम?”