तीन अक्षरांचा संसार

बेएर शेवा, इस्राएल
शुक्रवार, दुपार

ती. नाना व ती. आई यांना शि. सा. नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा तुमची सून आमच्याच इमारतीबाहेर दहा मिनिटं अडकली. किल्ली घरात राहिली होती. तिने बेल दाबली, तर शेजारीण आतून म्हणाली, "मी?" सून म्हणाली, "मी!" पुन्हा आतून "मी?", पुन्हा बाहेरून "मी!" दोघींचाही आवाज चढत गेला. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. आपल्या 'मी'ला इथे 'अनी' म्हणतात आणि 'अता' म्हणजे 'तू'. 'ही' मात्र 'ही'च, म्हणजे 'ती बाई'. तेवढी एक तरी ओळखीची निघाली.

मला वाटलं होतं, विद्यापीठातलं पाण्याचं संशोधन इंग्रजीत चालतं, तर हिब्रूवाचून भागेल. पण कोथिंबीर इंग्रजीत मिळत नाही. बाजारात आम्ही दोघं जुडीवरून मराठीत हुज्जत घालत होतो, तर मागून आवाज आला, "देठं बघून घे गो, पानं फसवतात!" वळून पाहतो तो एक आजी. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, आता डिमोनाच्या. दर दोन वाक्यांनंतर एक हिब्रू शब्द, पण हेल अस्सल कोकणी. आता त्याच आमच्या मास्तरीणबाई.

त्यांचा पहिला धडा असा : शब्द पाठ करू नकोस, 'शोरेश' धर. शोरेश म्हणजे मूळ. शाळेत आपल्याला 'कृ' धातू शिकवतात ना, आणि मग त्यातून कर्म, कार्य, कर्ता, कृती? तसंच. फक्त इथला धातू बहुतेक तीन व्यंजनांचा. नाना, आपल्या बमरोलीच्या लूमच्या भाषेत सांगायचं तर तीन व्यंजनं म्हणजे ताणा आणि स्वर म्हणजे बाणा. ताणा तोच ठेवून बाणा बदलला, की नवं कापड तयार.

भानगड एवढीच, की लिहिताना हे लोक बाणा बहुतेक लिहीतच नाहीत. छोटीसाठी चित्रांचं पुस्तक शोधत होतो. एका दारावर स-प-र अशी तीन अक्षरं दिसली. मी वाचलं 'सेफेर', म्हणजे पुस्तक. आत गेलो. माणूस मोठा अगत्यशील, त्याने खुर्चीत बसवलं. मग गळ्याभोवती कापड बांधलं, तेव्हा उमगलं की तो शब्द 'सापार' होता, म्हणजे न्हावी. त्याच अक्षरांतून 'सिपूर' म्हणजे गोष्ट, 'मिस्पार' म्हणजे आकडा आणि 'मिस्पारायिम' म्हणजे कात्री. त्याने गोष्टी सांगत कात्री चालवली आणि शेवटी आकडा सांगितला. पुस्तक राहिलं, पण एक शोरेश जन्मभर डोक्यावर बसला.

नाना, तुमच्यासाठी खास शब्द राखून ठेवलाय : 'खेशबोन'. अर्थ हिशेब, आणि हॉटेलातलं बिलसुद्धा. आपला 'हिशेब' अरबीतून आला. अरबी आणि हिब्रू चुलत बहिणी, म्हणून हे दोन शब्द भावंडं. त्याच मुळातून 'लाखशोव' म्हणजे विचार करणं आणि 'माखशेव' म्हणजे कॉम्प्युटर. तुम्ही जन्मभर लूमच्या शेठची खातेवही लिहिलीत आणि आम्हांला बजावत आलात, "आधी हिशेब, मग विचार." ती शिकवण या भाषेच्या पोटातच आहे. 'शालोम' हा आपल्या सलामचा भाऊ. त्याच शोरेशचा 'शालेम' म्हणजे पूर्ण आणि 'लेशालेम' म्हणजे पैसे चुकते करणं. घरमालक महिनाभर शालोम म्हणतो, एक तारखेला लेशालेम म्हणतो. भाडं पूर्ण चुकतं झालं की घरात शांती.

गावाचं नावही धड्यातच आहे. 'बेएर' म्हणजे विहीर, 'शेवा' म्हणजे सात. 'शावुआ' म्हणजे आठवडा आणि 'श्वुआ' म्हणजे शपथ. सात आणि शपथ एकत्र का, हे सप्तपदी घातलेल्या माणसाला समजवावं लागत नाही. दिवस सातच असताना आपण त्याला 'आठवडा' का म्हणतो, असं मात्र आजींनी विचारलं आणि मी गप्प बसलो. इथल्या वारांना नुसते क्रमांक आहेत, पहिला दिवस, दुसरा दिवस. नाव एकट्या शनिवारला : शब्बात, म्हणजे थांबणं. आजींचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. त्याच थांबण्यातून 'श्विता' आला, म्हणजे संप. बमरोलीत लूमची खडखड एकदम थांबली की पूर्वी आई विचारायची, "सुटी की संप?" इथे दोन्हींचं मूळ एकच.

मराठीतून हिब्रू शिकणारे आपण काही पहिले नव्हे. जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याने 1832 साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं, ते याच बेने इस्राएलांसाठी. आजींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तुला इतका उशीर का झाला?"

आजोबांच्या खरेदीखतावर 'साकिन' असं लिहिलेलं तुम्ही दाखवलं होतंत, म्हणजे राहणार. इथे शेजारी तो 'शाखेन' आणि मोहल्ला तो 'शखुना'. घराण्याचं साकिन आधी खान्देश, मग बमरोली, आता हे वाळवंट. पत्राला इथे 'मिख्ताव' म्हणतात, पत्त्याला 'क्तोवेत'. दोन्ही आपल्या 'किताब'च्या गोतातले. आता थांबतो, शब्बातच्या आत हे पेटीत पडायला हवं.

तुमचा,
पिंट्या

ता. क. : रविवारी व्हिडिओ कॉलवर छोटी "आबा, आबा" म्हणाली आणि नाना, तुम्ही "बोल गं माझी बाय" म्हणून डोळे पुसलेत. सांगायला जीव होत नाही, पण हिब्रूत 'आबा' म्हणजे बाप. ती माझ्याकडे पाणी मागत होती. आजोबांना इथे 'साबा' म्हणतात. तुम्ही मात्र 'ओ' देत राहा. पाणी मी देतो.