टोचणाऱ्या ताई

आमच्याकडे सोसायटी रजिस्टर व्हायच्या आधी टोचणाऱ्या ताई राहायला आलेल्या असतात. लालबाग-परळची नाहीतर गिरगावातली दोन खोल्यांची जागा विकून, ‘हवा चांगली आहे, पाणी मुबलक आहे’ या बिल्डरच्या बोलीवर त्या नव्वदीच्या सुमारास वसईला, नालासोपाऱ्याला किंवा विरारला उतरल्या. हवा होती. पाण्याचं त्यांना स्वतः बघावं लागलं. आधी बिल्डरला टोचलं, मग नगरपरिषदेला टोचलं, ३ जुलै २००९ ला महानगरपालिका झाली तेव्हा प्रभाग समितीच्या कार्यालयात जाऊन नव्याने टोचायला सुरुवात केली. सूर्या पाणीयोजनेच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी वसई-विरारचे १८५ आणि मीरा-भाईंदरचे २१८, हे आकडे त्यांना तोंडपाठ. ‘त्यांना जास्त का?’ हाही प्रश्न तयार.

त्यांच्या आयुष्याचं सूत्र एकच, टोचल्याशिवाय काही हलत नाही. सेक्रेटरी हलत नाही, गटारावरचं झाकण हलत नाही, धाकटा मुलगा अंथरुणातून हलत नाही. नवरा तर टोचूनही हलत नाही, म्हणून तो नाद त्यांनी २००५ च्या आसपास सोडला. अशा बाईच्या कपाळावर सुरकुती उमटते तेव्हा ती नुसती सुरकुती राहत नाही, तक्रारीचा विषय होते.

आमच्या इमारतीतल्या ताईंच्या बाबतीत निमित्त घडलं ते लोकलमध्ये. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. लेडीज स्पेशल १९९३ साली विरारपर्यंत आली तेव्हापासून त्यांचा डबा, दरवाजा आणि ग्रुप ठरलेला. विरारच्या गाडीत कोणी कोणाला आपण होऊन जागा देत नाही. जागा मागायची असते, दादरपासून बुक करायची असते, ‘कुठे उतरणार?’ याला समोरची ‘बोरिवली’ म्हणाली की तिच्या गुडघ्यांना गुडघे टेकवून उभं राहायचं असतं. त्या दिवशी नेहमीची गाडी चुकली. साध्या विरार फास्टमध्ये अंधेरीला एक कॉलेजातली मुलगी चक्क उठली. चौथी सीट नव्हे, खिडकीची. म्हणाली, “आजी, बसा ना.”

ताई बसल्या नाहीत. अंधेरीपासून वसईपर्यंत कडी धरून, त्या सीटकडे (जी अर्थात पापणी लवायच्या आत भरली) पाठ करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच न टोचता काही मिळालं होतं आणि नेमकं तेच त्यांना नको होतं.

खरं तर सूचना आधीपासून येत होत्या. पापडीच्या बाजारातला भाजीवाला सुरुवातीला त्यांना ताई म्हणायचा. मग वहिनी झालं, मग काकू, मग मावशी. या खात्यात बढती आपोआप मिळते, अर्ज करावा लागत नाही. मावशीवर ताईंनी त्याला सुनावलं, “तुझ्या आईपेक्षा लहान आहे मी.” त्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली आणि हुद्दा तोच ठेवला.

स्टेशनपासून अंबाडी रोडपर्यंत जिथे एकेकाळी एसटीडी बूथ आणि झेरॉक्सची दुकानं होती, तिथे हल्ली ‘स्किन, हेअर अँड लेझर’ अशा पाट्या लागल्या आहेत. ताई आधी एका पार्लरमध्ये डोकावल्या. तिथल्या मुलीने बारीक सुयांचा रोलर दाखवला. “हा एकालाच वापरता की सगळ्यांना?” ताईंनी विचारलं. “सॅनिटायझरने पुसतो ना, मॅडम.” ताई आल्या पावली परत. मग त्यांनी खरी त्वचारोगतज्ज्ञ शोधली, तिचा नोंदणी क्रमांक मागितला आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत आहे का हे तिच्यासमोरच मोबाइलवर ताडून पाहिलं. पाटीवरचं ‘डी.व्ही.डी.’ हे सिनेमाच्या दुकानाचं नाव नसून त्वचारोगांची पदविका आहे, एवढं मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं. यावर कोणी हसेल, पण मी हसणार नाही. आमच्या भागात बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. तेव्हा ताईंसारखं टोचणारं कोणीतरी त्या दारात आधीच उभं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी सांगितलं की कातडीच्या वरच्या थराखाली कोलॅजनच्या तंतूंचं जाळं असतं, त्याने गाल जागच्या जागी राहतात. हे तंतू विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. पंचविशी उलटली की हे कोलॅजन दरसाल साधारण एक टक्क्याने घटतं आणि पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांत जवळजवळ तीस टक्के जातं.

“म्हणजे या लोकांनी कामच बंद केलंय,” ताई म्हणाल्या.

“बंद नाही, मंदावलंय.”

“मग काय करायचं?”

“बारीक सुयांनी टोचायचं. एक-दीड मिलिमीटर. शरीराला वाटतं जखम झाली, मग दुरुस्तीला पेशी धावतात आणि नवं कोलॅजन विणतात.”

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. इतकी वर्षं खड्डा पडल्यावर अर्ज, अर्जावर स्मरणपत्र, स्मरणपत्रावर मोर्चा, तरी डांबर पावसाच्या तोंडावरच पडणार. आणि इथे स्वतःच्या शरीरात अशी पालिका आहे की आपण मुद्दाम खड्डा पाडावा आणि तिने त्याच रात्री माणसं पाठवावीत!

बाकीचे पर्याय त्यांनी भराभर निकालात काढले. फिलर नको, बाहेरचा माल आहे. बोटॉक्स नको, त्याने स्नायूच गप्प बसतात आणि गप्प बसणाऱ्यांशी ताईंचं कधी जमलं नाही. अल्ट्रासाउंडने आत साडेचार मिलिमीटर खोलवर साठ-सत्तर अंशांची धग देतात, ते ऐकून मात्र त्या थोड्या रेंगाळल्या, पण दर ऐकून पुन्हा सुईवर आल्या. ही पद्धत कोणी काढली हेही त्यांनी विचारून घेतलं. नव्वदीच्या दशकात डेस्मंड फर्नांडिस नावाच्या प्लास्टिक सर्जनने ती पुढे आणली, असं कळल्यावर ताईंचा पहिला प्रश्न होता, “कुठला फर्नांडिस? गासचा की निर्मळचा?” तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचा निघाला. वसईचा नसलेला फर्नांडिस असू शकतो, हे पचायला त्यांना वेळ लागला.

त्यानंतर लेडीज स्पेशलचा तो डबा म्हणजे फिरता दवाखाना झाला. नायगावला खाडी ओलांडेपर्यंत फायब्रोब्लास्ट, भाईंदरपर्यंत पीआरपी. “आपलंच रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, लाल भाग ठेवून घेतात आणि पिवळं पाणी आपल्यालाच परत टोचतात.” कोणीतरी म्हणालं, टीडीएस कापून. ताईंना ते आवडलं नाही. “माझं सगळं नॅचरल आहे,” हे त्यांचं पालुपद. चेहऱ्यावर हजारो भोकं पाडून घेतलेली बाई हे ज्या निष्ठेने म्हणते, ती पाहिली की वाद घालावासा वाटत नाही.

पावडरीचं प्रकरण मात्र इमारतीला महागात पडलं. बायकांनी मिळून ‘मरीन कोलॅजन’चे सहा डबे मागवले, एकत्र घेतले तर सवलत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या जैन शेजारीणबाई आठवडाभर सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर घेत होत्या. मग एके दिवशी चष्मा लावून त्यांनी डबा उलटा केला. मागे तपकिरी त्रिकोण, मांसाहाराची खूण. मरीन म्हणजे समुद्रासारखा निळा रंग असेल, असं त्यांना वाटलं होतं. ही पावडर माशांच्या कातडीपासून आणि खवल्यांपासून काढतात, हे जिन्यात उभं राहून सांगायची वेळ ताईंवर आली. त्यात श्रावण. ताईंच्या स्वतःच्या घरी महिनाभर मासळी बंद होती, पण डबा चालू होता. “हा काय मासा आहे? याला काटा तरी आहे का?” त्यांनी मला विचारलं. श्रावण संपल्यावर पाचूबंदरची कोळीण दारात आली, तेव्हा सुरमई साफ करता करता हा सगळा किस्सा तिच्या कानावर गेला. तिने कोयता बाजूला ठेवला. “बाय, मग इतकी वर्सं हे मी फेकत काय होते? पिशवी भरून देते, मिक्सरला लाव.”

आता त्या पावडरीने होतं काय? पोटात गेलं की कोलॅजन स्वतःचं नावगाव विसरतं. त्याचे तुकडे होतात आणि ते गालावर जाणार की गुडघ्यावर हे शरीर ठरवतं, ताई नाही. काही प्रयोगांत थोडा फायदा दिसलाय म्हणतात, पण त्यांतल्या पुष्कळशा प्रयोगांना पैसा पावडर विकणाऱ्यांनीच दिलेला आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यापेक्षा आवळा, पेरू आणि लिंबू खायला सांगितलं, कारण क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजनच्या तंतूंना पक्का पीळच बसत नाही. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजल्या, माणसं मेली, ती याचमुळे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर संत्री मिळाली तेव्हा उरलेली सावरली. म्हणजे १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई घेणारे पोर्तुगीज हे कोलॅजनची किंमत आमच्या ताईंच्या कितीतरी आधी कळलेले लोक, फक्त त्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना वसईतून काढलं, त्यात कोलॅजनचा काही हात नव्हता, एवढं इतिहासाच्या शिक्षकांसाठी सांगून ठेवते.

कोलॅजनचा सर्वांत मोठा शत्रू ऊन. सनस्क्रीन हा त्यावरचा साधा, स्वस्त आणि बहुतेक सर्वांत खरा उपाय. पण त्यात टोचणं नसल्यामुळे ताईंना त्याचं विशेष कौतुक नाही. नवरात्रात जीवदानीच्या पायऱ्या चढताना त्या छत्री, ओढणी आणि गॉगल अशा थाटात निघाल्या, तेव्हा वाटेतल्या ओटीवालीने त्यांना ‘मॅडम’ म्हटलं. हा हुद्दा यादीतच नव्हता. ताईंनी ओटीचं सामान दुप्पट घेतलं.

फरक दिसायला तीन महिने लागतात, कारण नवं कोलॅजन सावकाश विणलं जातं. दर आठवड्याला ताईंचा डॉक्टरीणबाईंना मेसेज जायचा, ‘प्रगती कळवावी.’ डब्यात ट्यूबलाइटखाली पाहणी व्हायची. फरक पडला, असं माझं मत आहे. कातडी तुकतुकीत झाली, जुने मुरुमांचे खड्डे उथळ झाले. वय कमी दिसतं का, हे मी सांगणार नाही, मला त्याच इमारतीत राहायचंय.

तिसऱ्या बैठकीच्या दिवशी मी सोबतीला गेले होते. सुया लावायच्या आधी चेहऱ्यावर बधिर करणारं मलम थापतात, वर प्लास्टिकची पातळ झिल्ली लावतात आणि पाऊण तास बसवून ठेवतात. ताई तशा बसलेल्या असताना प्रभाग कार्यालयातून फोन आला. आमच्या गेटसमोरच्या गटाराचं झाकण आठ महिने गायब होतं. फोनवर कोणी साहेब होते आणि त्यांनी नेहमीची टेप लावली, निधी नाही, ठेकेदार नाही, निविदा प्रक्रियेत आहे. ताईंना बोलायचं होतं, पण ओठ बधिर होते. तोंडातून नुसता “हं” निघाला. साहेब थांबले. ताईंनी पुन्हा, अधिक खोलवर, “हंऽऽ” केलं. पलीकडे शांतता. इतक्या वर्षांत त्या बाईला गप्प बसलेलं त्या कार्यालयात कोणीच ऐकलं नव्हतं. “मॅडम, तुम्ही आता वरपर्यंत जाऊ नका,” साहेब घाईघाईने म्हणाले. “शनिवारी बसवून देतो.”

शनिवारी झाकण बसलं. सोमवारी ताईंचा अर्ज गेला की ते रस्त्याच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर आहे.