स्क्रू हवा, गोंद नको

पाच-सहा हजारांचा टॅब बंद पडला की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "टाकून दे, नवीन घे." या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. असा टॅब उघडून बघितला की अनेकदा गेलेली असते ती एखादीच गोष्ट: चार्जिंगची पिन, टच किंवा बॅटरी. बाकी सगळं धडधाकट.

पिनचंच बघा. मायक्रो यूएसबीचं सॉकेट मदरबोर्डवर उभं असतं ते पाच बारीक पायांवर आणि बाजूच्या चिमुकल्या कानांवर. मुलं चार्जिंगला लावूनच टॅब वापरतात, वायरीला हिसके बसतात आणि कधीतरी एखादा डाग सुटतो. मग केबल तिरकी दाबून धरली तरच चार्जिंगची खूण दिसते. पहिले उपाय घरचेच: केबल बदलून बघा, टॅब बंद करून सॉकेटमधली धूळ लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. एवढ्याने भागलं नाही तर जुनं सिमकार्ड कडेकडेने सरकवत मागचं कव्हर उचकटता येतं. मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या तारांवर लावा. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा तीनच्या बराच खाली असेल तर दोष बहुधा बॅटरीचा. सुटलेला डाग मात्र सोल्डरिंगला हात बसलेल्या माणसाकडूनच पुन्हा लावून घ्यावा. आणि बॅटरी फुगली असेल तर तिथेच थांबा. ती टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज करायची नाही, घंटागाडीतही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

इथवर कौशल्याचा प्रश्न होता. पुढची अडवणूक कंपनीची.

काच फुटली की टॅबच्या पाठीवरचं मॉडेलचं नाव कामाला येईलच असं नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॉटमध्ये वेगवेगळी टच बसवलेली असू शकते. खरा नंबर असतो आतल्या लवचीक पट्टीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. तो घेऊन पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. नंबर जुळला तर मिळाली, नाहीतर टॅब अडगळीत. अनेक टॅबमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली आणि तारा थेट बोर्डाला डागलेल्या, कारण एका छोट्या कनेक्टरचे पैसे वाचवायचे असतात. सॉफ्टवेअर बिघडलं तर ते पुन्हा भरायची अधिकृत फाइल बऱ्याच स्वस्त टॅबसाठी कुठेच ठेवलेली नसते. गाळ्यावरचा कारागीर हुशार असूनही हात टेकतो आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतो.

याचा भुर्दंड कुणाला? २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली तेव्हा ज्यांनी पोटाला चिमटा काढून सर्वांत स्वस्त टॅब घेतला, त्या घरांना. दुरुस्तीची सर्वाधिक गरज ज्याला, त्यालाच दुरुस्त न होणारी वस्तू विकली जाते. हा अन्याय आहे.

यावर उपाय नाही असं कुणी सांगू नये. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या मोबाइल आणि टॅबना नियम लागू झाले. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. २०२५ मध्ये दुसऱ्या समितीचा अहवाल आला. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण ग्राहकाला खरेदीआधीच दिसावेत, ही त्याची शिफारस आणि सुरुवातीच्या वस्तूंत टॅबही आहेत. दिशा योग्य आहे, पण सक्तीशिवाय कंपनी हलणार नाही. खोक्यावर किंमत छापणं जसं बंधनकारक, तसेच हे गुणही असायला हवेत, आणि सर्वांत स्वस्त टॅबलाही त्यातून सूट नको.

तोवर दुकानात तीन प्रश्न विचारा: मागचं कव्हर कसं उघडतं? टच आणि बॅटरी सुटी मिळते का, कितीला? अपडेट किती वर्षं? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा. गिऱ्हाईक परत जायला लागलं की कंपन्यांना स्क्रू आपोआप परवडतील.