माझ्या घरातला भाडेकरू

पुण्यात स्वतःच्या घराचा मिळकतकर समजून घ्यायचा तर आधी एका भाडेकरूची कल्पना करावी लागते. घर आपलं, हप्ते आपले, पावसाळ्यात भिंतीला येणारी ओलही आपलीच. पण महापालिकेचा प्रश्न एवढाच, की हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्षाकाठी किती आले असते? कधीच न आलेल्या माणसानं कधीच न दिलेल्या या पैशांना वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे. उरते ती करपात्र रक्कम. मग तिच्यावर सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर आणि शिक्षणकर येऊन बसतात. शिवाय वृक्षकरही असतोच, मग आपल्या वाट्याला झाड म्हणून गॅलरीतला कढीपत्ता का असेना!

हा भाडेकरू भलताच चोखंदळ असतो. भाग कोणता, बांधकाम पत्र्याचं की स्लॅबचं, वापर राहण्याचा की दुकानाचा, हे बघून तो चौरस फुटाचा दर ठरवतो. जुन्या मिळकतींना तो जुन्या दरानंच भाडं देतो, नव्यांना नव्या. त्यामुळे एकाच गल्लीत समोरासमोरच्या घरांच्या बिलांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जुन्या वाड्यातला माणूस आपल्या कराचा आकडा चारचौघांत सांगत नाही, तो या शहाणपणामुळेच.

मुंबईनं 2010 साली या भाडेकरूला निरोप दिला. भाडेनियंत्रणामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींची भाडी गोठलेली होती, साहजिकच करही गोठलेला. आणि उपनगरातल्या नव्या फ्लॅटवाल्याला मात्र जास्त बिल येई. म्हणून तिथे भांडवली मूल्य आलं. भाडं किती येईल ते सोडा, घराची बाजारातली किंमत बोला! पुढे 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. पुणेकरानं ही बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला असणार.

अर्थात पुणेकराकडे त्याची 40 टक्क्यांची सवलत होती. मालक स्वतः राहत असेल तर करात 40 टक्के सूट, ही पद्धत 1970 पासूनची. कल्पनेतल्या भाडेकरूपेक्षा खराखुरा मालक गरीब असतो, हे त्या काळच्या महापालिका सभासदांनी ओळखलं होतं. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, सवलत बंद झाली, ओरड झाली, आणि 2023 मध्ये ती परत आली. येताना मात्र पीटी-3 नावाचा अर्ज घेऊन आली. ज्यांची सवलत गेली होती किंवा जे नव्यानं घरात आले होते, त्यांनी आपण आपल्याच घरात राहतो, हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं होतं. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, काय हवं ते जोडा. तो भाडेकरू खरा आहे का, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

गावाकडे हे सगळं साधं वाटतं. घरपट्टी म्हणायचं, ग्रामसेवकाकडे भरायची, नमुना 8 चा उतारा घ्यायचा आणि पेटीत जपून ठेवायचा. तो उतारा म्हणजे घराची मालकीच, अशी कित्येकांची ठाम समजूत असते. खरं तर कर कुणी भरावा एवढंच त्यावरून कळतं. मालकी त्यानं सिद्ध होत नाही. शहरातल्या बिलाचंही तेच. नगरपालिकेच्या गावांत दर चार वर्षांनी फेरआकारणी येते, तेव्हा टेप घेऊन माणसं दारात उभी राहतात. एरवी पाहुण्यांना कौतुकानं दाखवलेली माडी त्या दिवशी ‘सामान ठेवायची जागा’ होते, बंदिस्त केलेली पडवी ‘उघडीच आहे हो’ असते. मापं घेणाराही याच गावचा, याच माडीवर जेवलेला असतो. तो मुकाट्यानं टेप सोडतो.

कराला माझी ना नाही. रस्ता, गटार, कचऱ्याची गाडी यांचा खर्च कुणीतरी भरायलाच हवा, आणि घर हलवता येत नसल्यानं ते सापडतंही चटकन. पण बिल आलं की नुसता शेवटचा आकडा बघून सुस्कारा टाकू नका. क्षेत्रफळ बरोबर आहे का, वापराच्या रकान्यात निवासीच लिहिलंय ना, सवलत लागलीय का, एवढं तपासा. आकारणीची नोटीस आली तर तिच्यावर लिहिलेल्या मुदतीतच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत टळली की त्या भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं.